चौदा नंबरची धमनी

माझी आणि यूअन लेडलॉची खोली शेजारीशेजारी होती. मध्ये पुठ्ठ्याइतकी पातळ भिंत. त्या भिंतीतून दिवसभर एक आवाज यायचा. फुस्स, मग थोडी शांतता, पुन्हा फुस्स. विद्यापीठातल्या आमच्या विभागात नवा आलेला माणूस हमखास विचारायचा, पलीकडे कुणी सायकलमध्ये हवा भरतंय का? मग ग्लेनिस सांगायची. ती आमचं ऑफिस सांभाळायची आणि ऑफिसाबरोबर आम्हालाही.

"हवा नाही रे, तो चौदा नंबर. यूअनचा बिऱ्हाडकरू."

चौदा नंबर ही एक धमनी होती. मानेतून मेंदूकडे रक्त नेणारी. हॉस्पिटलच्या एका अभ्यासात काही रुग्णांनी आपल्या मानेचे स्कॅन संशोधनासाठी दिले होते. नावं पुसून, नंबर घालून ते ऑकलंडला आमच्याकडे आले. बाकीच्या रुग्णांवर यूअनने एकेक पेपर लिहिला आणि त्यांना बाजूला ठेवलं. चौदा नंबर मात्र त्याने सोडला नाही. दहा-अकरा वर्षं तो त्या एका धमनीत राहत होता असं म्हटलं तरी चालेल.

त्याला कारण होतं. ह्या धमनीत एका जागी थर साचून ती इतकी अरुंद झाली होती की रक्त तिथून पिचकारीसारखं सुटायचं. पुढे रुंद जागा आली की त्याचे भोवरे व्हायचे, भोवरे भिंतीवर आपटायचे, भिंत थरथरायची आणि त्या थरथरीचा आवाज व्हायचा. डॉक्टर मानेला नळी लावून ऐकतात तो हाच. यूअनचा प्रश्न असा होता: धमनीचा आकार ठाऊक आहे, हृदयाचा ठोका ठाऊक आहे, तर हा आवाज नुसत्या गणितातून काढता येईल का? तो काढता आला, तर पुढे कधीतरी उलटही जाता येईल. मानेचा आवाज ऐकून आत किती अरुंद झालंय ते सांगता येईल, मोठ्या यंत्राची वाट न बघता. बाकीच्या धमन्या इतक्या अरुंद नव्हत्या. त्या गप्प होत्या. चौदा नंबर एकटाच बोलायचा.

यूअनने आवाज काढला होता. भिंतीतून आम्ही ऐकायचो तो तोच. पण तो खरा आहे का, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. हॉस्पिटलने आकार दिला होता, रक्ताचा वेग दिला होता. आवाज टिपून ठेवायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. म्हणून तो पेपर अर्धा पडून होता, आणि यूअन रोज सकाळी येऊन भिंतीची जाडी थोडी बदलायचा, रक्ताचा दाटपणा थोडा बदलायचा, आणि पुन्हा ऐकायचा.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. ठोका एकच होता. आमच्या धंद्यात सगळे असंच करतात. रुग्णाचा एक ठोका मोजतात आणि तोच पुन्हा पुन्हा लावतात, प्रवाहाची घडी बसेपर्यंत. चौदा नंबर हा माणूस कुठेतरी जेवत असेल, भांडत असेल, जिने चढत असेल. आमच्याकडे त्याचा एकच ठोका होता आणि तो वर्षानुवर्षं वाजत होता.

यूअन साठीला आलेला होता. दक्षिणेकडचा, मेंढ्यांच्या फार्मवर वाढलेला. 'र' इतका घोळवायचा की उत्तरेतली पोरं त्याची नक्कल करायची. लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर नाताळात गावी जायचा, ती गेल्यावर नाताळातही ऑफिसात यायचा. सकाळच्या चहाला त्याची पाळी आली की तो त्यांच्याकडचे चीज रोल करून आणायचा, पावाच्या पातळ कापात चीज आणि कांद्याचं सारण गुंडाळून भाजलेले. ते संपेपर्यंत लोक त्याच्याशी बोलायचे. मग आपापल्या गटात वळायचे आणि यूअन कप विसळायला जायचा. कुणी त्याला टाळत होतं असं नाही. फक्त त्याच्याशी बोलायला विषय एकच होता, आणि तो तब्येतीची चौकशी केल्यासारखा विचारावा लागायचा.

"काय म्हणतोय चौदा नंबर?"

"आज रुसलाय," यूअन सांगायचा. किंवा, "आज बरा आहे."

मग एका सोमवारी किरी आली. किरी विद्यापीठात माओरी सल्लागार होती, इथल्या मूळ लोकांच्या रीती सांभाळल्या जातात ना ते बघणारी. माणसाच्या शरीराशी संबंध असलेलं कुठलंही संशोधन तिच्या टेबलावरून जायचं. ती यूअनच्या खोलीत गेली आणि तिने मलाही बोलावलं, कारण आवाजाचा थोडा प्रोग्राम मी लिहिला होता. ती म्हणाली की चौदा नंबरचे गृहस्थ गेल्या हिवाळ्यात वारले. झटका वगैरे नाही, न्यूमोनियाने गेले. उत्तरेकडे, होकियांगाच्या खाडीवर त्यांचं घर. वर्ष व्हायच्या आत, त्यांच्या रीतीप्रमाणे, थडग्यावर झाकून ठेवलेल्या दगडाचं कापड काढायचं आहे. त्याआधी त्यांचं जे काही जिथे आहे ते सगळं घरी यावं, असं कुटुंबाचं म्हणणं आहे.

ह्यात आश्चर्य काही नव्हतं. स्कॅन घेतानाच ठरलेलं असतं की ते उसने आहेत. शरीराचा तुकडा काय आणि शरीराचं चित्र काय, मागितलं की परत. यूअनची त्यावर सहीच होती. 

"परत म्हणजे काय काय?" तरी त्याने विचारलं. "स्कॅन परत. त्यावरून मी जो आकार काढला, तो? आकाराचे जे चाळीस लाख तुकडे केले, ते? त्यातून निघालेले आकडे? आवाज? नेमकी धमनी कुठे संपते, किरी?"

"तूच सांग," किरी म्हणाली. "तुझ्या मते कुठे संपते?"

 किरी निघताना म्हणाली, "त्यांचं नाव एरुएरा होतं. एरुएरा रावीरी. फेरीबोटीवर काम करायचे." दार बंद झाल्यावर यूअन मला म्हणाला, की नाव सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात कुटुंब भेटायला आलं. एरुएराची बायको हुहाना, सत्तरीच्या पुढची, लोकरी टोपी घातलेली. आणि मुलगा पाओरा, लाकडाचे ट्रक चालवणारा, दारातून वाकून आत येणारा. किरीने प्रार्थना म्हटली. मग रीतीप्रमाणे सगळ्यांनी एकमेकांच्या नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ लावलं. हुहानाने यूअनची मान धरून त्याला खाली ओढलं आणि कपाळ टेकवून नेहमीपेक्षा जरा जास्त थांबली. तो वर आला तेव्हा त्याचा चष्मा तिरका झाला होता. तो त्याने तसाच ठेवला.

चहाच्या खोलीत ग्लेनिसने टेबल मांडलं होतं. यूअनने पाळी नसताना चीज रोल आणले होते. पाओराने दोन एकदम तोंडात टाकले आणि म्हणाला, "भावा, आमच्या बाबांची धमनी तुंबली ती असलंच खाऊन." सगळे हसले. यूअन हसावं की नाही ह्या विचारात राहिला आणि मग उशिरा, एकटाच हसला.

चहा झाल्यावर यूअनने धमनीचा नमुना पुढे केला. पिवळट पारदर्शक राळेचा, बोटाएवढा, वर दोन फांद्या फुटलेला. तो त्याच्या खिडकीत असायचा. हुहानाने तो दोन्ही हातांत घेतला. यूअन समजावू लागला, की हे त्यांच्या डाव्या मानेतलं आहे, ही फांदी मेंदूकडे जाते, ही चेहऱ्याकडे, आणि बोलता बोलता त्याने स्वतःच्या मानेची डावी बाजू दाखवली.

"उजवी," हुहाना म्हणाली.

यूअनने नम्रपणे सांगितलं की स्कॅनमध्ये डावी आहे.

"पोरा, मी त्याच्या उजव्या अंगाला झोपायची. पन्नास वर्षं. माझा कान इथं." तिने मुलाला जवळ ओढून त्याच्या मानेची उजवी बाजू दाखवली. "ह्या कानाने ऐकलं मी ते. आधी वाटलं घोरतोय. मग कळलं, तोंडातून नाही येत, मानेतून येतंय. भरती फिरताना धक्क्याच्या खांबांतून पाणी जातं ना, तसं. मीच त्याला डॉक्टरकडे पाठवला. डॉक्टर म्हणे, बाई, तुझा कान चांगला आहे."

 मी यूअनकडे बघत होतो म्हणून मला ठाऊक आहे, तो त्या क्षणी डाव्या-उजव्याचा विचार करत नव्हता. तो आवाज जगात एका माणसाने ऐकला होता, रोज, जवळून, आणि ते माणूस त्याच्यासमोर बसून चहात बिस्कीट बुडवत होतं.

मग तो "आलोच" म्हणून उठला आणि मीही त्याच्या मागे गेलो. आम्ही मूळ स्कॅन उघडला. स्कॅनचे काप असे दाखवतात, जणू बघणारा रुग्णाच्या पायाशी उभा आहे. त्यामुळे चित्रात जे उजवीकडे दिसतं ते रुग्णाचं डावं असतं. हे आम्हा सगळ्यांना पाठ असतं. पण कापांची चळत रचणारा छोटा प्रोग्राम यूअनने फार पूर्वी स्वतः लिहिला होता, आणि त्याने ती उलट्या टोकाकडून रचली होती. तेवढ्याने आख्खा माणूस आरशात गेला होता. एकच नाही, अभ्यासातले चौदाच्या चौदा.

मी म्हटलं, गणिताला काही फरक पडत नाही. खरंच पडत नाही. आरशातल्या नळीत रक्त तसंच वाहतं, दाब तेवढाच पडतो, भोवरे तेवढेच, आवाज तोच. छापून आलेला एकही आकडा बदलत नव्हता. म्हणून तर इतक्या वर्षांत चूक कुणाला सापडली नव्हती. अशी चूक आमच्यासारखी माणसंच करू शकतात. खाटकाकडून ती झाली नसती.

यूअनने परत येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. पाओरा म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं तू बाबांना आरशात बघत होतास."

"हो," यूअन म्हणाला.

"दाढी करताना ते स्वतःला दिसायचे तसे."

"हो. तसेच."

हुहानाने राळेचा तुकडा टेबलावर ठेवला. हा नको, ती म्हणाली, सरळ करून दे. आणि दोन आठवड्यांनी दगडाचं कापड काढायचंय तेव्हा तूच घेऊन ये. टपालाने पाठवू नकोस, त्याला टपालाचा राग होता.

ते दोन आठवडे यूअन आवराआवर करत होता. मूळ स्कॅन एका पेन ड्राइव्हमध्ये घातला. सरळ केलेल्या धमनीचा नवा नमुना छापून घेतला, खिडकीतला जुना मोडून टाकला. मोठ्या संगणकावरच्या प्रती पुसल्या, जुन्या टेपा शोधून काढल्या, ब्रिस्बेनच्या एका गटाला कधीतरी आकार पाठवला होता त्यांना फोन करून पुसायला लावला. चूक झाली होती त्या सगळ्या पेपरांसाठी दुरुस्तीची टीप लिहिली: डावी नव्हे, उजवी, निष्कर्ष तेच. ग्लेनिस म्हणाली की घटस्फोट झालेली माणसंसुद्धा इतकं निपटून काढत नाहीत.

भिंतीपलीकडचा आवाज मात्र चालू होता.

गुरुवारी त्याने मला हाक मारली. पडद्यावर धमनी होती, नेहमीची, डावी.

"ही बघ," तो म्हणाला. त्याचा स्वर वर्गात सिद्धता मांडताना असतो तसा होता. "त्यांची धमनी उजवी. ती मी परत करतोय, एकूण एक प्रत. ही डावी. असा आकार जगात कुठल्याही माणसाच्या मानेत कधीच नव्हता. एरुएराच्या डाव्या मानेतली खरी धमनी वेगळी होती, चांगली मोकळी. मग ही कुणाची? कुणाचीच नाही. जी कुणाचीच नाही ती कुणाला परत करायची?"

मी तर्क तपासला. कुठे चूक सापडेना. तसं मी त्याला सांगितलं.

"हेच म्हणतोय मी," तो म्हणाला. पण माझ्या होकाराने त्याला बरं वाटलेलं दिसलं नाही. त्याने त्या फोल्डरला 'कुणाचीच नाही' असं नाव दिलं आणि तो आपल्या लॅपटॉपवर ठेवला. आता सगळ्या जगात तेवढीच एक प्रत होती. त्या धमनीवाचून पेपर पुरा होणार नव्हता, हे खरं. पण पेपर नसता तरी त्याने ती ठेवली असती असं मला वाटतं. सोमवारी सकाळी येऊन तो दुसरं काय ऐकणार होता?

शुक्रवारी आम्ही माझ्या गाडीने निघालो. यूअन बसने फिरायचा, गाडी चालवायचा नाही. खाडीकाठच्या रावेने गावात फेरीबोटीत गाडी घातली तेव्हा तो उतरून कठड्याशी उभा राहिला आणि पलीकडचा किनारा येईपर्यंत बोटीवरचा माणूस दोर कसे टाकतो ते बघत होता.

हुहानाचं घर पाण्याजवळ, चढावर. व्हरांड्यात जुन्या मोटारीची मागची सीट, तिच्यावर मांजर. खाली ओहोटी लागली होती. आत बायका उद्याच्या जेवणाच्या तयारीत होत्या, पाओरा माशांना धुरी देत होता. हुहानाने आम्हाला व्हरांड्यात बसवलं, तळलेला पाव आणि चहा दिला, आणि नवा नमुना हातात घेऊन आपल्या मानेच्या उजव्या बाजूला लावून बघितला. "आता बरोबर," ती म्हणाली.

किरीने शिकवलं होतं तसं यूअन तिला 'फाएआ' म्हणू लागला होता. मोठ्या बाईला, आईला, मावशीला तिथे तसं म्हणतात.

"फाएआ," तो म्हणाला, "तुम्ही तो आवाज ऐकला होता. मी तो गणितातून काढलाय. बरोबर आहे की नाही, मला माहीत नाही. तुम्ही ऐकाल का?"

 हुहानाने आत वळून बायकांना गप्प बसायला सांगितलं, आणि पाओराला हाक मारली. पाओरा हात पुसत आला. यूअनने लॅपटॉप मोटारीच्या सीटवर ठेवला आणि आवाज सुरू केला.

फुस्स. शांतता. फुस्स.

मी हा आवाज इतकी वर्षं भिंतीतून ऐकला होता, की मला त्यात काही ऐकू येत नसे. हुहानाने टोपी काढली. खाली वाकून कान लॅपटॉपजवळ नेला आणि डोळे मिटले. तिचा एक हात सीटवरून आपोआप पुढे सरकला, कुणाच्या छातीवर ठेवावा तसा, आणि तिथे काही नसल्यामुळे मांजरावर जाऊन थांबला.

"त्याचाच आहे," ती म्हणाली.

यूअनने श्वास सोडला.  ती अजून ऐकतच होती. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पण हा झोपलेला नाही. हा घाबरलाय."

"ठोका हॉस्पिटलमध्ये मोजलेला आहे," यूअन सावकाश म्हणाला. "तपासणीच्या टेबलावर."

"मग घाबरलेलाच असणार. सुई बघून पळणारा माणूस."

"गाईला टोचायला डॉक्टर यायचा तेव्हासुद्धा बाबा शेडमागे जायचे," पाओरा म्हणाला.

"आणि तू हाच लावून ठेवलास, इतकी वर्षं?" तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

"एकच मिळाला होता, फाएआ."

यूअनने आवाज बंद केला. मग तो घाईघाईने बोलू लागला, मी त्याला इतकं भराभर बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ठोका संथ करता येतो. झोपेतल्या माणसाचा ठोका कसा असतो ते माहीत आहे. मोठ्या संगणकावर घातलं की आठवडाभरात येईल. तो झोपलेला कसा होता ते तुम्हाला ऐकवता येईल. त्यासाठी आकार लागतो, आणि तो माझ्याकडे आहे. म्हणजे तुमचा नाही, तुमचा तर ह्या पेन ड्राइव्हमध्ये आहे सगळा. माझ्याकडे आहे तो आरशातला, चुकीचा. तसा माणूस कधी नव्हताच. कुणाचाच नाही तो.

बोलून झाल्यावर तो थांबला. आपण काय सांगून बसलो ते त्याच्या तेव्हा ध्यानात आलं असावं. पाओराने मान वळवून पाण्याकडे बघितलं.  आत कुणीतरी भांडं खाली ठेवलं.

"घरात आरसा आहे तुझ्या?" हुहानाने विचारलं.

"आहे."

"सकाळी त्यात कोण दिसतो? शेजारी?"

 हुहानाने टोपी पुन्हा घातली, केस आत सारले.

"मी म्हटलं असतं तर तू त्याला झोपवलं असतंस, हे खरं आहे ना?"

"खरं आहे."

"मला ऐकायचाही मोह होतोय, खोटं कशाला बोलू. पण मग आठवड्याने तू तो आवाज आणणार, मी रोज रात्री लावणार, आणि त्याला तिकडे एकट्याला ठेवून इथं ह्या डब्याला कान लावून बसणार. तो झोपलाय, पोरा. आपला आपण झोपलाय. तुझं गणित नको त्याला." मग ती म्हणाली, "तुला सोबत होती त्याची, नाही का?"

"हो," यूअन म्हणाला.

"चांगली सोबत होती?"

"कधी कधी रुसायचा."

ती मोठ्याने हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "रुसायचाच तो. मेला."

यूअनने लॅपटॉप मांडीवर घेतला. फोल्डर उघडला, आत एकदा बघितलं आणि पुसला. मग पुसलेल्या गोष्टी जिथे पडून राहतात तेही रिकामं केलं. संगणकाने विचारलं, नक्की का? त्याने हो म्हटलं. मग पडदा हुहानाकडे वळवला. दाखवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, पण तिने वाकून नीट बघितलं आणि मान हलवली. पाओराने त्याच्या खांद्यावर माशांच्या वासाचा हात ठेवला आणि म्हणाला, "चल भावा, लाकडं फोडायची आहेत."

झोपायची सोय रीतीप्रमाणे गावच्या सभागृहात होती, सगळ्यांबरोबर, ओळीने घातलेल्या गाद्यांवर. सकाळी मी यूअनला विचारलं, झोप लागली का. तो म्हणाला, बाजूचा माणूस घोरत होता, आणि प्रत्येक वेळचं घोरणं वेगळं होतं. एकदाही तेच पुन्हा आलं नाही.

दगडाच्या पायथ्याशी पाओराने केलेली लाकडी डबी पुरली. तिच्यात पेन ड्राइव्ह आणि सरळ केलेली धमनी. कापड काढलं, प्रार्थना झाली, लोक रडले, आणि दफनभूमीच्या फाटकापाशी सगळ्यांनी रीतीप्रमाणे हातांवर पाणी घेतलं. जेवताना हुहानाने यूअनच्या ताटात दोनदा मासे वाढले. निघताना ती म्हणाली, येत जा. तो म्हणाला, येईन. दोघांनाही ते खरं वाटत होतं असं मला वाटलं. पण नंतर मी त्याला कधी विचारलं की तो म्हणायचा, आता तिकडे जायला काही काम उरलेलं नाही.

तो पेपर त्याने मागे घेतला. आवाज बरोबर होता हे त्याला ठाऊक होतं, हुहानाला ठाऊक होतं, मलाही. पण एका बाईने व्हरांड्यात कान लावून हो म्हटलं, हे कुठल्या रकान्यात घालणार? आणि पुन्हा करून दाखवायला धमनीच नव्हती.

त्या सोमवारी चहाच्या वेळी ग्लेनिसने सवयीने विचारलं, "काय म्हणतोय चौदा नंबर?" आणि विचारल्यावर तिने जीभ चावली.

"घरी गेला," यूअन म्हणाला आणि कप विसळायला गेला.

काही दिवस भिंत गप्प होती. मला कामात लक्ष लागेना, आणि ते का, हे कळायलाही वेळ लागला. मग एका दुपारी पलीकडून पुन्हा आवाज आला. फुस्स, शांतता, फुस्स. मी उठून गेलो. यूअनच्या पडद्यावर एक सरळ नळी होती, आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो ती, मध्ये दोन्ही बाजूंनी सारखी चेपलेली. तिला डावं नव्हतं, उजवं नव्हतं. ठोकाही सूत्राने काढलेला, गुळगुळीत.

"ऐक," यूअन म्हणाला.

मी ऐकलं. आवाज स्वच्छ होता, जुन्यापेक्षा स्वच्छ. तसं मी म्हटलं.

"हो, स्वच्छ आहे," तो म्हणाला. "ह्यात कुणी नाही."

आणखी काही ठोके त्याने वाजू दिले, मग आवाज बंद केला. खिडकीत जिथे राळेचा तुकडा असायचा तिथे उन्हाने पिवळ्या पडलेल्या रंगात एक छोटा पांढरा डाग दिसत होता, वर दोन फांद्या फुटलेला. त्याने त्या जागी आपला कप ठेवला आणि पुढची ओळ लिहायला घेतली.